डोमाजींचा उलटा हात

कोणत्याही नळाला हात लावायच्या आधी मी आजही उलटा हात लावून बघतो. बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मग सरळ हाताने नळ सोडायचा. सून हसते. "बाबा, प्लास्टिकचा नळ आहे तो, त्यात कुठून करंट येणार?" म्हणते. तिचं बरोबर आहे. मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवला, प्लास्टिकमधून वीज वाहत नाही हे मला तिच्याइतकंच ठाऊक आहे. पण हा उलटा हात मला विज्ञानाने दिलेला नाही. तो डोमाजी मिस्त्रींनी दिला आणि तो मागे घ्यायला आता ते नाहीत.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. नागपुरात हनुमाननगरात आम्ही नवीन घर बांधलं आणि थंडीच्या तोंडावर हौसेने गिझर बसवला. आमच्या गल्लीत तेव्हा तीनच गिझर होते, त्यामुळे आठ दिवस शेजारी तो बघायला येत होते. नवव्या दिवशी बायको म्हणाली, "नळाला हात लावला की झिणझिण्या येतात." मी विज्ञानाचा मास्तर. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, "लोकरीच्या स्वेटरमुळे येतात तशा. घर्षणाची वीज असते ती."

"स्वेटर घालून कोणी आंघोळ करतं का?" ती म्हणाली आणि पदर खोचून मिस्त्री शोधायला गेली.

ती ज्यांना घेऊन आली ते डोमाजी. पन्नाशीचे, अंगाने काटक, पांढरा पायजमा, खाकी सदरा, डोक्यावर टोपी. खांद्याला हातमागाच्या जाड कापडाची पिशवी. आल्या आल्या त्यांनी गिझरकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "बाई, एक पाट द्या. जेवाले नाही बसत, उभा राहतो." पाट न्हाणीत ठेवला, त्यावर उभे राहिले आणि नळाला उलटा हात लावून लगेच काढला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, पोरायले काय शिकवता?"

मी म्हणालो, विज्ञान.

"मंग ठीक हाये," ते म्हणाले. ते कशाला ठीक म्हणाले, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पिशवीतून त्यांनी एक बल्ब काढला. साधा होल्डर, त्याला दोन लांब तारा. त्या बल्बला ते 'गवाह' म्हणायचे. "माणूस खोटं बोलन, मीटर खोटं बोलन, हा गवाह नाही बोलत." गवाहाचं एक टोक विजेच्या तारेला लावलं, दुसरं अर्थिंगच्या तारेला. बल्ब ढिम्म पेटला नाही. मग ते अर्थिंगची तार हाताने चाचपत भिंतीच्या कडेकडेने निघाले, तार खिडकीतून बाहेर गेली होती तसे तेही बाहेर गेले आणि मागच्या भिंतीत ठोकलेल्या एका खिळ्यापाशी येऊन थांबले. आमच्या बांधकामाच्या मिस्त्रीने ती तार त्या खिळ्याला गुंडाळून ठेवली होती.

"हा खिळा कोणत्या देवाचा हाये मास्तर? तार बांधून नवस बोलले काय?"

दोन दिवस खपून त्यांनी अंगणात खड्डा केला, कोळसा आणि मीठ थरावर थर घालून पाइप पुरला, त्याला तार जोडली. गिझरचं एलिमेंट काढून दाखवलं. नवं असूनही त्याचं वरचं कवच एका जागी फुटलं होतं. "इथून वीज पाण्यात उतरे. तिले जमिनीत जायाची वाट नव्हती, मंग ती बाईच्या हातातून जाये." आणि जाताना बायकोला बजावलं, "उन्हाळ्यात आपली काळी माती फाटते, अर्थिंग सुकून जाते. तुळशीले पाणी घालता तसं एक तांब्या इकडेही घालत जा." बायकोने ते इतकं मनावर घेतलं की आमच्या अंगणात तुळशीच्या शेजारी अर्थिंगलाही काही वर्षं हळदीकुंकू लागत होतं.

डोमाजी जातीचे कोष्टी. गोळीबार चौकाच्या मागे त्यांचं घर. बापाचा हातमाग होता, तरुणपणी यांनीही लुगडी विणली. माग थंडावले तसे ते गिरणीत वायरमनच्या हाताखाली लागले आणि तिथे वीज शिकले. पण बोटं विणकराचीच राहिली. तारेचा सांधा असा द्यायचे की डोळे मिटून बोट फिरवलं तर कुठे जोडलं ते कळू नये. मी एकदा कौतुक केलं, तर म्हणाले, "लुगड्यात गाठ राहिली तं बाईच्या कमरेले टोचते. मायी माय मारे गाठीसाठी." काम झालं की हात धुवायच्या आधी ते गिझरवरून एकदा हात फिरवायचे, कापडाचा पोत बघावा तसा.

त्यांचं एक वाक्य अख्ख्या हनुमाननगरात पाठ होतं, "बटनावर भरोसा नाही." दुरुस्तीला बसले की आधी बटन बंद करायचे, मग मेन खाली ओढायचा, मग गवाहाने बघायचं, मग उलटा हात आणि त्यानंतर कामाला सुरुवात. लोक म्हणायचे, डोमाजी, तुम्ही कामापेक्षा खात्रीच जास्त करता. ते म्हणायचे, "बटन म्हणजे नेत्याचं तोंड. बंद दिसते, आत काय चालू हाये कोणाले मालूम."

या वाक्यामागचा अर्थ मला कळला तो सिव्हिल लाइन्समधल्या एका निवृत्त बड्या साहेबांच्या बंगल्यात. मीच डोमाजींचं नाव सुचवलं होतं, म्हणून सोबत गेलो. साहेबांचा गिझर पाणी नुसतं कोमट करत होता. थर्मोस्टॅट बदलला की झालं, असं साहेबांचं निदान. डोमाजींनी बटन बंद करून गवाह लावला, तर तो लख्ख पेटला. बटन बंद आणि बल्ब चालू. साहेब म्हणाले, बटन बिघडलं असेल.

"बटन चांगलं हाये सायेब, जागा चुकली," डोमाजी म्हणाले. "तारा दोन असते. एकीतून वीज येते, दुसरीतून वापस जाते. बटन येणाऱ्या तारेवर पाहिजे. तुमच्या इथं ते जाणाऱ्या तारेवर लावलं. आता पाहा, टाक्याची मोरी तुम्ही बंद केली, अन् वरचा नळ चालूच हाये. पाणी वाहून नाही राहिलं म्हणून टाकं रिकामं झालं काय? उलट काठोकाठ भरलं."

साहेबांना हे पटलं नाही, की मिस्त्रीने शिकवलेलं आवडलं नाही, कोण जाणे. म्हणाले, तुला थर्मोस्टॅट बदलायला बोलावलंय, तेवढं कर. डोमाजींनी शांतपणे गवाह गुंडाळला, पिशवीत घातला आणि पाट उचलून भिंतीला लावून ठेवला. "बटन ठीक केल्याबिगर मी तुमच्या गिझरले हात नाही लावत. तुमच्या घरी लेकीबाळी आंघोळ करते." आणि निघाले. फाटकापर्यंत साहेब ओरडत होते. शेवटी आतून साहेबांची बायको आली आणि तिने डोमाजींना परत बोलावलं. घरोघरी शहाणपण कुठे असतं ते डोमाजींना माहीत होतं. ते तक्रार नेहमी बाईला विचारायचे, पुरुषाला नाही.

त्यांना एकुलती एक मुलगी होती, कुंदा. उंच, बापासारखीच काटक, मॅट्रिक झालेली. बापाची नक्कल करायची. आमच्याकडे हळदीकुंकवाला आली की पाटावर उभी राहून, डोळे बारीक करून म्हणायची, "बाई, बटनावर भरोसा नाही." बायका हसून लोटपोट व्हायच्या. डोमाजी दाराबाहेर बसलेले असायचे, तेही हसायचे.

तिचं लग्न हिंगणा रोडला झालं. जावई तिकडच्या एका कारखान्यात नोकरीला, कंपनीच्या बसने जाणारा-येणारा, भला मुलगा. सासरे मात्र मानी. पोराच्या नोकरीने घरात चार वस्तू आल्या होत्या आणि मुलीचा बाप दारोदार पिशवी घेऊन फिरतो हे त्यांना चारचौघांत सांगायचं नव्हतं. त्यांनी आपल्या आळीत 'सुनेचे वडील इलेक्ट्रिकचे कंत्राटदार आहेत' असं सांगून टाकलं आणि डोमाजींना बाजूला घेऊन म्हणाले, इवाई, आमच्याकडे येताना पिशवी तेवढी आणत जाऊ नका. डोमाजींनी मला हे हसत हसत सांगितलं. म्हणाले, "लेकीच्या बापानं आइकून घ्या लागते, मास्तर. पिशवी काही तिच्यापेक्षा मोठी नाही."

पिशवी न्यायची नाही ही इवायाची, म्हणजे व्याह्याची अट. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही डोमाजींची स्वतःची. मुलगी दिली त्या घरचा अन्नपाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही, ही जुनी रीत तोपर्यंत बऱ्याच जणांनी सोडली होती. डोमाजींनी नाही. ते लेकीला भेटायला निघाले की सायकलच्या हँडलला फिरकीचा पितळी तांब्या लटकलेला असायचा. कुंदाच्या ओसरीवर बसून ते स्वतःच्या घरचं पाणी प्यायचे. ती चिडायची. "बाबा, माह्या घरच्या पाण्यात काय विष हाये काय?" ते म्हणायचे, "तुह्या घरचं हाये म्हणून नाही पेत, पोरी." तीन वर्षं तो तांब्या जात-येत होता.

तिसऱ्या वर्षी थंडीत कुंदाच्या सासरी गिझर आला.

संक्रांतीला ती माहेरी आली होती. तिळगूळ खाता खाता सहज बोलून गेली, "बाबा, आमच्या नळाले हात लावला का मुंग्या येते." डोमाजींच्या हातातला लाडू तसाच राहिला. पिशवी उचलून ते उभेच राहिले. कुंदाने पिशवीचा बंद धरला. सासऱ्यांनी तो गिझर मोठ्या कौतुकाने आणला होता, स्वतःच्या ओळखीचा मिस्त्री लावून बसवला होता. सून माहेरी गेली आणि दुसऱ्या दिवशी बाप हत्यारं घेऊन हजर झाला, तर घरात काय होईल हे तिला दिसत होतं. "पिशवी घेऊन नोको येऊ ना, बाबा. मले बोलून घ्या लागन."

डोमाजी त्या संध्याकाळी माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले.

"मास्तर, एक काम हाये. तुम्ही शिकले-सवरले. तुम्ही सहज म्हणून जा, गिझर पाहाले आलो म्हणा. तुम्ही सांगसान तं इवाई आइकतीन. मायं नाही आइकणार."

मी हो म्हणालो. हो म्हणताना मनात हिशेब चालू होता की समोर पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे, सायकलने हिंगणा रोड म्हणजे अर्धा दिवस जाणार. त्या दिवशी मंगळवार होता. मी म्हणालो, "रविवारी नक्की जातो. सकाळीच जातो." मला वाटतं, आणखी काहीतरी म्हणणार होते. मग म्हणाले, "ठीक हाये. रविवारी." आणि गेले.

शुक्रवारी सकाळी कुंदा गेली.

मी शाळेत होतो. शिपायाने वर्गाच्या दारात येऊन निरोप सांगितला. मी खडू हातात घेऊनच बाहेर आलो. हे लिहितानाही तो खडू माझ्या हाताला लागतो. त्या आधी मी कोणत्या रविवारी काय केलं, एकही आठवत नाही. तो न आलेला रविवार तेवढा अजून तसाच माझ्यासमोर उभा आहे.

तिला मी पाहिलं ते ओसरीवर. ओले केस तसेच होते. डोमाजी तिच्या पायांशी बसले होते आणि उलट्या हाताने तिच्या पावलाला सारखा स्पर्श करत होते. रडत नव्हते. त्यांची बायको रडत होती, जावई भिंतीवर डोकं आपटत होता, सासरे एका कोपऱ्यात अंगाची जुडी करून बसले होते. पंचनामा झाला, कागदावर 'अपघात' असं लिहिलं गेलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही पुरुषमाणसं घाटावरून त्या घरी परत आलो. लोक ओसरीवर टेकले. डोमाजी टेकले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गवाह काढला. पिशवी त्या दिवशीही आणली नव्हती. जावयाला म्हणाले, "मेन चालू करा." आणि माझ्याकडे बघून, "मास्तर, तुम्ही या."

गवाहाच्या एका टोकाला त्यांनी लांब तार जोडली, ती अंगणातल्या हापशीच्या लोखंडाला बांधून आत आणली. पाट मागितला, त्यावर उभे राहिले. दुसरं टोक गिझरच्या टाकीला टेकवलं आणि मला म्हणाले, "बटन चालू करा." मी केलं. बल्बच्या आतली तार जेमतेम लाल झाली, विझत्या उदबत्तीएवढी.

"आता बंद करा."

मी बटन बंद केलं आणि बल्ब लख्ख पेटला. न्हाणीच्या भिंती उजळल्या. साबणाच्या वडीवर तिचा एक लांब केस चिकटलेला होता, तो दिसला.

मला कळलं. माझ्यासारख्याला कळायला एवढं पुरेसं होतं. बटन जाणाऱ्या तारेवर होतं. गिझर चालू असताना बरीचशी वीज परत जायची, एलिमेंटच्या फुटलेल्या जागेतून थोडीच पाण्यात उतरायची, तेवढ्याच मुंग्या. बंद केला की मोरी बंद आणि नळ चालू, टाकं काठोकाठ.

डोमाजींनी तार सावकाश गुंडाळली. एकही वेढा चुकला नाही. बाहेर ओसरीवर आले आणि इहिणीकडे, म्हणजे कुंदाच्या सासूकडे बघून म्हणाले, "बाई, पाणी द्या." ती गोंधळली. तीन वर्षांत त्यांनी या घरात पाणी मागितलं नव्हतं. तिने पेला आणून दिला. डोमाजींनी तो एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. पेला खाली ठेवून म्हणाले, "आता प्यायले हरकत नाही." सासूने तोंडात पदर कोंबला आणि आत पळाली.

आम्ही सायकली हातात धरून चालत परत निघालो. बरंच अंतर गेल्यावर डोमाजी बोलायला लागले.

"मास्तर, मीच तिले सांगितलं होतं. तुम्ही येतपर्यंत, रविवारलोक, बटन बंद करून आंघोळ करत जाय म्हणून."

मी सायकल पुढे ढकलत राहिलो.

"तिनं मले विचारलं होतं. म्हणे, बाबा, तुम्ही तं म्हणता बटनावर भरोसा नाही. मी म्हटलं, तुमची नवी फिटिंग हाये, चार दिवस चालून जाते. मी म्हटलं असं. साऱ्या दुनियेले सांगत हिंडलो, अन् लेकीले असं म्हटलं."

पुढे एक बैलगाडी चालली होती, तिच्या मागे आम्ही चालत राहिलो. मग त्यांनी विचारलं. मला माहीत होतं ते विचारणार आहेत.

"मास्तर, बटन चालू ठेवून आंघोळ केली असती, तं?"

मी विज्ञानाचा मास्तर. मी म्हणालो, "तरी तेच झालं असतं, डोमाजी. काही फरक पडला नसता."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"पोरायलेही असंच शिकवता काय?" ते म्हणाले आणि चालायला लागले.

मी खोटं बोललो हे त्यांना ठाऊक होतं आणि का बोललो हेही. ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज कोणाला कळली नाही. सासऱ्यांना नाही, जावयाला नाही, डोमाजींच्या बायकोलाही नाही. ज्याने बटन चुकीच्या तारेवर बसवलं त्या मिस्त्रीचं नावसुद्धा डोमाजींनी कधी विचारलं नाही. आणि रविवारबद्दल ते मला एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर मी पाय धरले असते. त्यांनी तीही सोय ठेवली नाही.

त्यानंतर डोमाजी गिझरचं काम घेईनासे झाले. इस्त्री, पंखे, शेगड्या घरी बसूनच दुरुस्त करायचे. कोणी गिझर म्हटलं की हात जोडायचे, "त्याचा माणूस दुसरा पाहा जी." विनोद संपले. 'बटनावर भरोसा नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी पुन्हा ऐकलं नाही. गल्लीतली पोरं मात्र ते सवयीने म्हणत राहिली, त्यांच्या समोरसुद्धा, आणि ते टोपी नीट करून पुढे जायचे. आमच्या अर्थिंगला बायको रोज पाणी घालायची. एकदा मी तिला तिथे उभ्याने रडताना पाहिलं.

ते वर्ष सरत आलं. तुळशीची लग्नं झाली आणि त्यानंतर कानावर आलं की कुंदाच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं. वाईट वाटलं, पण राग आला नाही. पंचविशीतला मुलगा, किती दिवस बसून राहणार? डोमाजींना हे कसं सांगावं या विचारात मी असतानाच एका सकाळी ते दारात उभे. खांद्याला पिशवी होती. वर्षभर ती बघितली नव्हती.

"त्या घरी गिझर पुन्हा लावून राहिले म्हणे. नवं एलिमेंट टाकलं," ते म्हणाले. आणि मग, "मास्तर, आज रविवार हाये. चलता?"

मी चप्पल घातली. बायकोने आतून विचारलं, कुठे निघालात? मी तोवर सायकल बाहेर काढली होती.

हिंगणा रोडला पोहोचलो तेव्हा सासरे ओसरीवर होते. डोमाजींच्या खांद्यावरची पिशवी त्यांनी बघितली. शेजारच्या दोन ओसऱ्यांवर माणसं होती, त्यांनीही बघितली. सासरे उठले, कोपऱ्यातला पाट त्यांनी स्वतःच्या हाताने उचलला, आत न्हाणीत नेऊन ठेवला आणि बाजूला झाले.

डोमाजींनी पाच-सहा तास काम केलं. बटन काढून येणाऱ्या तारेवर घेतलं. अंगणात कंबरभर खड्डा खणला. मी कुदळ मागितली तर दिली नाही. कोळसा, मीठ, पाइप, तार. सांधा दिला आणि त्यावरून डोळे मिटून बोट फिरवलं. मग गवाह. बटन बंद, गवाह बंद. बटन चालू, टाकीला लावला, तरी बंद. पुन्हा बघितलं, आणि पुन्हा. मी मोजायचं सोडून दिलं.

नवी सून दाराआड उभी राहून हे सगळं बघत होती. शालू तिचं नाव, कन्हानकडची, जेमतेम वीस वर्षांची. डोमाजींनी तिला पुढे बोलावलं.

"माय, इकडे ये. हात असा उलटा कर. सरळ हातानं धरलं तं वीज मूठ वळवते अन् सोडत नाही. उलटा लावला तं हात आपल्याकडेच झटकून येते. रोज असा लावून पाहात जाजो." तिने हात उलटा करून नळाला लावला. "काही वाटलं?"

"नाही, बाबा."

"बरं. अन् आइक. कधी मुंग्या आल्या तं त्या दिवशी आंघोळ नाही करायची. कोणी सांगन, बटन बंद कर अन् करून घे, तं आइकायचं नाही. सासरा सांगन, नवरा सांगन." ते थांबले. "मी सांगितलं, तरी नाही आइकायचं."

ती मान हलवून आत गेली आणि पाणी घेऊन आली. पितळी पेला, खाली ताटली. डोक्यावरचा पदर सावरताना तिच्या गळ्यातला चांदीचा लहानसा टाक पुढे आला. पहिलीच्या नावाचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. तो कुंदाचा होता.

डोमाजी खूप वेळ त्या टाकाकडे बघत राहिले. दुपार टळली होती, खड्डा खणून सदरा घामाने भिजला होता, ओठ सुकले होते. फिरकीचा तांब्या त्यांनी आणला नव्हता. या घरचं पाणी चालतं, असं त्यांनी वर्षापूर्वीच ठरवलं होतं ना. त्यांनी पेला हातात घेतला, तोंडापर्यंत नेला. आणि तसाच परत ताटलीत ठेवला.

"नाही पेत, माय," ते म्हणाले. "लेकीच्या घरचं पाणी मी पेत नसतो."

पोरीला आधी कळलं नाही. मग कळलं. ती तिथेच खाली बसली. माजघरातून सासूचा हुंदका ऐकू आला. डोमाजींनी पिशवी खांद्याला लावली, तिच्या डोक्याला उलटा हात टेकवला आणि बाहेर पडले.

पुढच्या उन्हाळ्यात ते खाप्याला भावाकडे गेले आणि तिथेच वारले. मला आठ दिवसांनी कळलं. जाण्याआधी एक-दोनदा भेटले असतील, रस्त्यात बोललो असू, पण त्यातलं काही डोळ्यांपुढे उभं राहत नाही. मला डोमाजी दिसतात ते त्या रविवारचे, हिंगणा रोडवरच्या त्या आळीच्या तोंडाशी. तिथे नगरपालिकेचा एक नळ होता, उघड्यावर, आजूबाजूला विजेचा खांबही नव्हता. "तुम्ही व्हा पुढं मास्तर, मी पाणी पिऊन येतो," ते म्हणाले. मी सायकल घेऊन थोडा पुढे गेलो आणि वळून बघितलं. त्यांनी सायकल कडुलिंबाला टेकवली, टोपी काढून खिशात घातली, नळापाशी वाकले. आधी उलटा हात लावला. क्षणभर थांबले. मग नळ सोडला आणि ओंजळीने पाणी प्यायले. बराच वेळ पीत होते.